अठ्ठावीस मैलांची थरथर

सुकदेवचं म्हणणं एवढंच होतं की गाडी ताशी अठ्ठावीस मैलांवर आली की पिसाळते. सत्तावीसला गरीब गाय. अठ्ठावीसला हातातलं स्टेअरिंग असं लटलटायला लागतं की खांदे निखळावेत, पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी फडफडतात, आणि ब्रेक दाबून पंधरावर आणली की पुन्हा गाय. उतरून पाहावं तर सगळं जागच्या जागी. हे दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर लोकांनी गाडीकडे पाहिलं असतं. सुकदेवने सांगितलं, आणि लोकांनी सुकदेवच्या हातांकडे पाहिलं.

त्याला कारण होतं. सुकदेवचा बाप उखर्डू कंपवाताने गेला. चाळिशीत त्याच्या उजव्या हाताचा अंगठा हलू लागला, मग पंजा, मग दोन्ही हात. शेवटची दोन वर्षं तर भाकरी दुधात चुरून कोणीतरी भरवावी लागायची. सुकदेवला आता एकोणचाळिसावं चालू होतं. गावाला हिशेब पक्का पाठ. गावाला दुसऱ्याच्या घरातलं सगळंच पाठ असतं, स्वतःच्या घरातलं तेवढं आठवत नाही.

गाडी होती पितांबर नानांची. लढाई संपल्यावर पलटणीच्या मोटारी लिलावात निघाल्या, त्यातली ही एक छोटी लॉरी, मागे उघडी, डाव्या बाजूला स्टेअरिंग असलेली. सुकदेव लढाईत पलटणीचा ड्रायव्हर होता, म्हणून नानांनी त्यालाच गाडीवर बसवलं. कापूस भरला की गाडी मागून बसायची आणि नाल्यात पोट घासायची. नानांना ते कमीपणाचं वाटे. मागच्या पोळ्याला त्यांनी धरणगावच्या रूपचंद लोहाराकडून मागच्या पाट्यांत, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांत, दोन्हीकडे चार-चार पाटे जास्तीचे घालून घेतले. गाडी मागून हातभर उचलली गेली. नाना तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "आते दिसस कशी मोटार." त्या दिवशी त्यांनी सगळ्या आळीला जिलेबी वाटली. त्याच महिन्यात पुढचे टायर बदलले आणि त्याच महिन्यात उखर्डू गेला. आता थरथर कशाने सुरू झाली म्हणायची? पाट्यांनी, टायरांनी, की बापाने? सुकदेव रोज एकावर बोट ठेवी आणि रोज बोट उचली.

नानांनी तसं सगळं केलं हो. टायर डावीकडचे उजवीकडे घातले. नटबोल्ट आवळले. चाकं जिच्यावर वळतात ती किंगपिन नवी बसवली. शेवटी इंदिराबाईंनी, म्हणजे नानांच्या घरच्यांनी, पुढे बिबा आणि लिंबू बांधलं. धरणगावच्या जिनिंगमध्ये कापूस उतरवून सुकदेव एकटा परत निघाला की अठ्ठावीसला गाडी पुन्हा पिसाळायचीच.

"चाल, माले दखाड," नाना एक दिवस म्हणाले.

आता गाडी निघाली आणि गावातलं कोणी घरी बसलं, असं एरंडोल तालुक्यात अजून व्हायचं आहे. नाना पुढे बसेपर्यंत मागे बावीस माणसं चढली होती. कोणाला पोरीचं स्थळ बघायचं होतं, कोणाला रॉकेल आणायचं होतं, आळीतला वना तर नुसती थरथर बघायला आला होता आणि पुढच्या फळीला धरून उभा राहिला होता. सुकदेवने पंचवीस केले, अठ्ठावीस केले, पस्तीस केले. गाडी तेलावरून गेल्यासारखी गेली.

"व्हयनं का?" नानांनी विचारलं.

"काल हाललीती, नाना. तुमनी आन."

 नाना हळू आवाजात, वाईट वाटूनच, म्हणाले, "सुकदेव, गाडी हालस का तू हालस?"

ते त्याच्या वर्मी लागलं. दुसऱ्या दिवशी तो एकटा निघाला आणि अठ्ठावीसला गाडीने त्याला असं घुसळलं की बाभळीच्या झाडापासून दोन हातांवर थांबली. तो खाली उतरला, रस्त्याच्या कडेला बसला आणि त्याने दोन्ही हात पुढे धरले. हलत होते. पण ते आधीपासून हलत होते की आत्ता घाबरून, हे कोणाला विचारायचं? पाण्याचा तांब्या भरून धरून पाहिला, पाणी हललं. वाऱ्याने हललं असेल. दुसऱ्या वेळी नाही हललं. माणूस वेडा व्हायचा बाकी राहिला होता.

घरी भागाबाई बघत होती. नवऱ्याने ताटातला हात मांडीखाली लपवला तो तिने पाहिला, आणि दोन घास गेल्यावर ती हळूच म्हणाली, "भाकर चुरी देऊ का?" बिचारी मायेनेच बोलली. सुकदेव ताटावरून उठला आणि ओट्यावर जाऊन बसला. त्या रात्री दोघंही उपाशी झोपली.

नानांनी निकाल दिला: आखाजीपर्यंत बघू. अक्षय्यतृतीयेला पोरीबाळी माहेरी आल्या, झोके बांधले गेले, की त्यानंतर गाडीवर बोदवडचा जीवराम, नानांच्या साडूचा मुलगा. सुकदेवने मळ्यात बैलांमागे जावं, तिथे हात हलले तर कोणी मरत नाही. जीवरामला एकदा एकट्याला गाडी देऊन पाहिली असती तर सोक्षमोक्ष लागला असता, आणि सुकदेवला हे कळत नव्हतं असं नाही. पण जीवरामच्या हातात गाडी नाहीच हलली तर? म्हणून तो ते नाव काढत नव्हता. गाडी गेली तर जावो, पण हात आपलेच निघाले तर पुढची वीस वर्षं कशी काढायची, हे त्याला सुचत नव्हतं.

आखाजीला आठ दिवस असताना त्याने नानांचे पाय धरले. धुळ्याला तोताराम मिस्त्री आहे, पलटणीच्या गाड्यांचा जाणता, त्याला एकदा दाखवू. नाना म्हणाले चला. धुळं म्हणजे कोर्ट, दवाखाना आणि अर्ध्या गावाची सोयरीक. मागे सव्वीस माणसं आणि एक बकरी. पारोळ्यावरून धुळ्यापर्यंत गाडी लोण्यासारखी. सुकदेवचं तोंड उतरत गेलं.

तोताराम बारीक, चष्म्याचा, बोलायला कंजूष. त्याने पुढचं चाक जॅकवर उचललं, वर-खाली धरून हलवलं. ढिलेपणा कुठेच नव्हता. मग गाडीच्या बाजूला जाऊन लांबून तिच्याकडे बघत बसला. मग गवंड्याचा ओळंबा आणला आणि किंगपिनशेजारी सोडला.

"हलते तेव्हा गाडीत कोण असतं?" त्याने विचारलं.

सुकदेवने मान खाली घातली. "कोणी नाही. मी एकटाच असतो."

"आणि हलत नाही तेव्हा?"

"तेव्हा सगळं गाव असतं."

"म्हणजे हलते तेव्हा गाडी रिकामी असते," तोताराम म्हणाला.

 इतके महिने सुकदेव स्वतःला एकटा म्हणत आला होता. गाडीला रिकामी म्हणायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

तोतारामने कोपऱ्यातली सायकल दाखवली. "हिचा पुढचा फाटा बघा. तिरका आहे. म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. तोच फाटा उभा केला तर चाक भिरभिरेल. तुमची किंगपिनही अशीच मागे कललेली पाहिजे. तुम्ही गाडीचं बूड हातभर उचललं, ती नाकावर आली, पिन सरळ उभी राहिली. मागे माणसं बसली की बूड दबतं आणि पिन पुन्हा कलते. माणसं उतरली की..." त्याने हाताचा पंजा फडफडवून दाखवला.

"गाडी उंच करी, ते काय पाप करं का?" नानांना राग आला होता. आळीला वाटलेल्या जिलेबीचा अपमान होता तो. "याना बापना हात हालेत, आते याना हालतस. पाट्यासना काय दोष?"

"मग रिकामी चालवून बघा. तुम्ही स्वतः बसा."

पारोळा रस्त्याला गावाबाहेर गाडी आणली. "उतरा बठ्ठा," नाना म्हणाले. कोणी हलेना. "आते आम्ही पायी जासूत का?" वनाने विचारलं. बकरीसकट सगळ्यांना लिंबाखाली उतरवायला पाव तास गेला. तोताराम कडेला उभा राहिला. नाना पुढे बसले आणि सुकदेवने गाडी सुरू केली. आता नाही हलली तर सगळं संपलं, आणि हलली तर गाडी कशी घुसळते ते त्याला माहीत होतं.

वीस. पंचवीस. सत्तावीस. नाना तोंडात पान घालत होते.

अठ्ठावीसला पहिला झटका बसला आणि पान खाली पडलं. स्टेअरिंग लटलटू लागलं, टपाचे बोल्ट वाजू लागले, नानांची टोपी मांडीवर आली. "तुना हात हालतस," नाना ओरडले, "सोड तू, मी धरस," आणि ते सुकदेवच्या अंगावर आडवे होऊन स्टेअरिंगला दोन्ही हातांनी लोंबकळले.

सुकदेवने सोडलं.

स्टेअरिंग थांबलं नाही. नानांच्या मनगटांसकट, कोपरांसकट, सोन्याच्या अंगठीसकट ते तसंच लटलटत राहिलं. सुकदेव ते बघत होता. ब्रेक दाबायला हवा हे त्याला कळत होतं, तरी त्याने अजून थोडं बघितलं. मग दाबला. गाडी थांबली.

नानांची बोटं स्टेअरिंगवरून सुटेनात. सुकदेवने ती एकेक करून सोडवली, आणि सोडवताना त्याने पाहिलं की आपली बोटं अगदी संथपणे काम करताहेत. त्याला इतका आनंद झाला की आधी हसू आलं आणि मग रडू आलं. नानांचे हात मात्र अजून थरथर कापत होते. "मना हात देख रे," ते लहान आवाजात म्हणाले.

बापाचे हात असे हलायचे तेव्हा सुकदेव दाराबाहेर बसायचा. आपल्याला लागेल म्हणून दोन वर्षांत त्याने ते एकदाही हातात घेतले नव्हते. त्याने नानांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले.

"थांबतीन आते, नाना," तो म्हणाला, आणि ते थांबेपर्यंत त्याने सोडले नाहीत.