चुन्याच्या पोटाचा भोपळा

सन १९१३, पौष मास, सकाळी दहा वाजता, भातकुलीचे शिवार. भगवंत मास्तरांनी दोन दुधी भोपळे मातीच्या रंगाने रंगवून शेतात काटक्यांवर आडवे ठेवले. एकाचे पोट मात्र चुन्याने उजळविले. पांढरे पोट हरणाला लपविते हे सिद्ध झाले नाही, तर तो पाठ शाळेत कधीही शिकविणार नाही, अशी त्यांची प्रतिज्ञा होती.

“मास्तर, चुना तं आंधळ्यालेही दिसते,” भोपळे कुठे ठेवले ते न पाहता शोधायचे म्हणून पाठमोऱ्या उभ्या असलेल्या भाजीवाल्या पार्बताबाई हसल्या.

वळताच त्यांनी पन्नास पावलांवरून एक भोपळा दाखविला. “थो पाहा. पोटावर काळी सावली हाये त्याच्या.”

तो बिनचुन्याचा निघाला. दुसरा शोधीत त्या चालत राहिल्या. चुन्याने पोटाची सावलीच पुसून टाकली होती. भोपळा दोन पावलांवर आला, तेव्हा कुठे तो दिसून बाई थबकल्या.

“पाठ शिकवा, मास्तर. तुमचंच खरं हाये.”