गुलाबची तिरडी

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनी लोखंडी तिरडी आहे. माणूस गेला की त्याला ज्यावर ठेवून नेतात, ती. तुमच्या वह्यांमध्ये जुनी छत्री आणि फाटके पुस्तक आपापली कहाणी सांगून रडतात. मी रडणार नाही. मला राग आलेला आहे आणि तो कोणाचा, तेही सांगणार आहे.

तिरडी खरे तर बांबूची असते. पण भिलाईची गोष्ट वेगळी. इथे पोलाद कारखान्यात भंडारा-गोंदियाकडून आलेली माणसे. कोणी गेले की गावचे नातेवाईक पोचेपर्यंत सगळे उरकलेले असायचे, आणि तिरडी बांधायची कशी, हे क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांना धड येत नव्हते. एकदा एका म्हाताऱ्याला नेताना भर रस्त्यात दोरी सुटली. त्या दिवशी सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मग इथल्या मराठी मंडळाने ठरवले की एक पक्की लोखंडी तिरडी करून घ्यायची.

मला घडवले गुलाबने. तो ठेकेदाराकडचा वेल्डर होता आणि सुट्टीच्या दिवशी जवळच्या कुम्हारी गावात वेल्डिंगच्या एका दुकानात काम करायचा. त्याने भंगारातले पाइप निवडले, जोडले आणि मग बराच वेळ कानस घेऊन माझे टोक न् टोक घासत बसला. मंडळाचे सेक्रेटरी नरहरीभाऊ घाई करू लागले, तेव्हा म्हणाला, "थांबा ना भाऊ. खांद्याले टोचलं नाही पाहिजे कोनाच्या."

नरहरीभाऊंनी मजुरी विचारली. गुलाब हसला. "मजुरी राहू द्या. मी मेलो का मलेच नेजा याच्यावर."

"नेऊ रे बाबा, नक्की नेऊ," नरहरीभाऊ म्हणाले आणि त्यांनी माझ्या दांडीवर हात ठेवला. रंग ओला होता. त्यांचा पंजा काळा झाला.

पुढे मी पुष्कळ वर्षे राबले. अधिकारी नेले, क्लार्क नेले, सासवा नेल्या, भट्टीवर भाजलेला एक तरणाताठा मुलगाही नेला. लोक म्हणायचे, काय मजबूत काम आहे. काम संपले की मला धुऊन मंडळाच्या हॉलमध्ये मागच्या भिंतीला उभी करायचे आणि खिडकीच्या गजाला साखळीने कुलूप घालायचे. भंगारवाल्यांची भीती, दुसरे काय. किल्ली नरहरीभाऊंच्या जानव्याला.

त्या हॉलमध्ये दर मे महिन्यात व्याख्यानमाला व्हायची. एका वर्षी विषय होता 'धर्म म्हणजे काय?' मित्रांनो, मी भिंतीला उभी राहून सगळी व्याख्याने ऐकली, कारण मला बसता येत नाही आणि पळता येत नाही. एक म्हणाला, धर्म म्हणजे कर्तव्य. दुसरा म्हणाला, धर्म वेगळा आणि इंग्रजांचे रिलिजन वेगळे, दोघांची गल्लत करू नका. समारोप नरहरीभाऊंचा. जो धारण करतो, उचलून धरतो तो धर्म, असे त्यांनी घसा ताणून सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना उचलून धरण्याचे काम त्या हॉलमध्ये मी एकटीच करत होते. माझ्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही.

पुढच्याच रविवारी सकाळी कौशल्या आली. भिलाई-३ या वस्तीत रेल्वेलाइनीजवळ गुलाबच्या शेजारी राहणारी. कमिटीची मंडळी पोहे खात बसली होती. ती दारातच उभी राहिली.

"भाऊ, गुलाब गेला. तिरडी न्याले आली मी. आमचा चंपत टेंपो घेऊन बाहेर उभा हाय."

"कोण गुलाब?"

"ज्यानं हे तिरडी बनवली, तो."

नरहरीभाऊंची बशी हातातच राहिली. त्यांना आठवले. मी त्यांचा चेहरा पाहत होते, त्यांना चांगले आठवले. पण तोंडातून निघाले ते असे, "गुलाब म्हणजे गुलाबराव, की गुलाब खान?"

"आमाले काय मालूम जी. आम्ही गुलाबच म्हणत होतो."

"आरती-बिरती करायचा? की नमाजाला जायचा?"

"कुठीच नाही दिसला. खायाले मात्र दोन्हीकडं येत होता."

खुर्च्या जवळ ओढल्या गेल्या. मला ती हालचाल ओळखीची होती, आता कीस पडणार. कारखान्यातले मोठे अधिकारी विजयकुमार साहेब म्हणाले, "विषय भावनेचा नाही, व्याख्येचा आहे. तिरडी आपल्या धर्माच्या लोकांसाठी आहे. तर आपला धर्म म्हणजे नेमके काय, ते आधी ठरले पाहिजे." कोणी म्हणाले, जन्मावरून ठरतो. कोणी म्हणाले, नाही, आचरणावरून. मग आचरण कशाला म्हणायचे यावर दोघे हमरीतुमरीवर आले. महिला शाखेच्या वसुंधराताई डोळे पुसत म्हणाल्या, "माणुसकी हाच खरा धर्म. पण तिरडी परत आल्यावर शुद्ध कोणी करायची, तेही आत्ताच ठरवा."

कौशल्या मधेच म्हणाली, "ऊन चढून राहिलं भाऊ. त्याचं आंग फुगून राहिलं."

"दोन मिनिटे बाई," विजयकुमार साहेब म्हणाले.

ती माझ्याकडे आली, साखळी हातात घेऊन पाहिली, आणि निघून गेली. तिचे जाणे कोणाच्या लक्षात आले नाही. किल्ली तिथेच होती, नरहरीभाऊंच्या सदऱ्याआड. मी लोखंडाची आहे, पण त्या दिवशी ती साखळी मला बोचली. शिकलेल्या माणसांची इतकी किळस मला आधी कधी आली नव्हती.

शेवटी ठराव झाला. मानवतेच्या दृष्टीने तिरडी द्यावी, परत आल्यावर गोमूत्राने धुवावी. टाळ्याही वाजल्या. मग मला जीपवर बांधले आणि नरहरीभाऊ स्वतः भिलाई-३ ला निघाले.

गुलाबच्या खोलीचे दार उघडे होते. उंबऱ्यावर नुकतेच पाणी टाकलेले. कौशल्या झाडत होती.

"नेलं जी त्याले," ती म्हणाली. "खाटेवर. त्याच्या शिफ्टचे लोक आले होते." मग तिने मान वर केली. "तुमचं झालं का ठरून?"

नरहरीभाऊ म्हणाले, "ठराव पास झाला होता, बाई." ती पुन्हा झाडू लागली.

गुलाबला पुरले की जाळले, मला माहीत नाही. मी तिथे नव्हते. मला परत आणले, आणि मी कोणालाही शिवले नसताना वसुंधराताईंनी ठरावाप्रमाणे गोमूत्राने धुतले.

काही वर्षांनी नरहरीभाऊ गेले. शोकसभेत सांगितले गेले की ते जन्मभर धर्म जगले. त्यांना माझ्यावर ठेवले, तेव्हा खरे सांगते, माझा एखादा सांधा निखळावा असे मला फार वाटले. पण ते सांधे गुलाबने जोडलेले होते. एकही हलला नाही. नदीच्या घाटापर्यंत मी त्यांना नीट नेले आणि कोणाच्याही खांद्याला टोचले नाही.

आता माझा रंग उडाला आहे, पायांना गंज चढला आहे. मित्रांनो, मला रंग देऊ नका, तेलही नको. मोठे व्हाल तेव्हा तुमच्याकडेही कसली ना कसली किल्ली येईल. ती बाहेर खिळ्याला टांगून ठेवा. कोणी दारात आले तर आधी मला सोडा, आणि नाव विचारायचेच असेल तर पोचवून परत आल्यावर विचारा.