बसून सरकणारी

राजनंदिनी, घरातली नंदू, वर्षाची झाली तरी रांगेना. पालथी घातली की हातपाय हवेत उचलून भोकाड पसरायची. उभी धरावी तर दोन्ही पाय पुढं उचलून घ्यायची, हवेतच पाट मांडल्यासारखी. बाकी पोर तल्लख होती. सुपातला ज्वारीचा दाणा चिमटीत बरोब्बर पकडायची. बापाची राजदूत मोटारसायकल कालव्याच्या पुलावर आली की घरातल्या कुणाच्याही आधी तिची मान दाराकडं वळायची.

मग एक दिवस ती निघाली, पण बसल्या बसल्याच. एक पाय मांडीखाली घ्यायचा, दुसऱ्या पायाची टाच जमिनीत रोवायची, एक हात बाजूला टेकायचा आणि बुडावर पुढं सरकायचं. ओसरीच्या या टोकाचं भांडं उचलायला आई वळली, की ही त्या टोकाला.

तिच्या आईला, दिपालीला, आधी हसू यायचं. पण दीड वर्ष उलटलं, तरी पोर उभी राहीना. माळेगावच्या त्या वस्तीवर तिच्या बरोबरीची पोरं कोंबड्यांमागं पळत होती. शेजारची भागूबाई रोज तेल लावायला यायची आणि रोज पाय दाबून बघायची. "पायात जोर हाय की गं," म्हणायची, आणि जाताना हळूच, "पर दाखवून आण कुठंतरी."

सासऱ्यांनी, आबाजींनी, बाजारातून पांगुळगाडा आणला. नंदू त्याच्याजवळ सरकत गेली, त्याचं एक चाक गरागरा फिरवून बघितलं आणि गाडाच ओढत सरकत परत आली.

शेवटी दिपाली आणि तिचा नवरा हिंदुराव पोरीला बारामतीला लहान मुलांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. हिंदुराव एमआयडीसीतल्या दूध डेअरीत कामाला होता. त्यानं त्या दिवशी सुट्टी टाकली. डॉक्टरांनी पोरीला टेबलावर, मग जमिनीवर सोडलं. मागून खुळखुळा वाजवला, गुडघ्यावर हातोडी टिचकावली, बराच वेळ तिचं सरकणं बघत बसले.

"मला काही दोष दिसत नाही," ते म्हणाले. "काही मुलं रांगतच नाहीत, अशीच सरकतात. ती उशिरा चालतात. पुष्कळदा हे घराण्यातच असतं. तुमच्यापैकी कुणी लहानपणी असं सरकत होतं का?"

दिपाली म्हणाली, "मी नाही. आई सांगते, मी वर्षाच्या आतच चालले."

हिंदुरावला माहीत नव्हतं. त्याची आई म्हाळसा तो लहान असतानाच वारली होती.

घरी आल्यावर दिपालीनंच सासऱ्यांना विचारलं. आबाजी शेळीला पाला घालत होते. "मला न्हाय ठावं पोरी," ते म्हणाले. "मी मेंढरं घिऊन कोकणात हुतो. परत आलो तवा ह्याची आई न्हवती, आन ह्यो चालत हुता." एवढं बोलून ते रानाकडं निघून गेले.

रविवारी हिंदुरावनं गाडी काढली. आबाजींची बहीण प्रयागबाई निमगाव केतकीला राहायची. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. ते पोचले तेव्हा आत्या पानमळ्याच्या कडेला सावलीत बसून खाऊची पानं एकावर एक लावत होती. दिपालीनं पोरीला घोंगडीवर ठेवलं. हिरवी पानं दिसताच नंदू टाच रोवत, हात टेकत निघाली.

आत्याचा हात थांबला. "अगं बया!" ती म्हणाली. "हिंदू, ह्यो तर तूच हाईस रं!"

"म्हंजी?"

"असाच सरकायचास की. अगदी असाच, डावा पाय मुडपून. दीड वर्साचा झालास तरी."

हिंदुराव खाली बसला. "मला कुणी सांगितलंच न्हाय कधी."

"कोण सांगणार? तुझ्या आईचं नाव निघालं की आबा उठून जायचा. मग आमीबी काढायचं सोडलं." आत्यानं पोरीच्या हातात एक पान दिलं. पोरीनं ते गालाला लावून बघितलं. "लोक म्हणायचे, पोरगं लुळं हाय. म्हाळसा कुणाचं ऐकायची न्हाय. तुझ्या चड्ड्या बुडावर फाटायच्या, तर घोंगडीची ठिगळं लावायची. आन सांच्याला काम आवरलं की सोता खाली बसायची. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून तुझ्यासंगं सरकायची, अंगणभर! मी हसून बेजार व्हायची. ती म्हणायची, याला एकटं कशाला वाटू द्यायचं?"

दिपालीनं तोंडाला पदर लावला.

हिंदुरावनं विचारलं, "मला चालताना बघितलं का तिनं?"

"बघितलं की. तापानं अंथरुणाला खिळली हुती. तू बाजंची कड धरून हुबा ऱ्हायलास आन पायथ्यापास्नं उशापातूर गेलास. तिनं तुझं डोकं छातीशी धरलं. लई वेळ सोडलंच न्हाय."

हिंदुराव उठून पानमळ्यात गेला. कुणी त्याच्यामागं गेलं नाही. थोड्या वेळानं नंदूच तिकडं सरकत निघाली, तेव्हा त्यानं येऊन तिला उचललं आणि तिच्या तळपायांवरची माती हातानं पुसली, आधी एका, मग दुसऱ्या पायाची.

पोर बापावर गेलीय, प्रयागआत्यानं सांगितलं, एवढंच दिपालीनं आबाजींच्या कानावर घातलं. त्यानंतर घरात कुणी पोरीला ओढून उभं केलं नाही. उसाचा हंगाम संपत आला होता. एका दुपारी दिपाली नळावर धुणं धूत होती, हिंदुराव डेअरीत होता, आबाजी अंगणात दोरी वळत बसले होते. शेळीचं करडू उड्या मारत आलं. नंदूनं आजोबांचा खांदा धरला, उठली, आणि खांदा सोडून करडामागं चालू लागली. हात पसरलेले, पोट पुढं. आबाजींच्या हातातली दोरी सुटली. मोठ्यानं हाक मारली तर पोर दचकून पडेल, म्हणून ते अगदी हळू म्हणाले, "दिपाली... बघ. बघ तर खरं."

संध्याकाळी हिंदुराव आला, तो गाडीवरून उतरायच्या आधीच आबाजी सांगू लागले. कशी उठली, करडू कसं बिचकलं, पडली तरी रडली न्हाय. जेवतानाही तेच सांगत होते. मग मध्येच थांबले. ताटातल्या भाकरीकडं बघत त्यांनी विचारलं,

"प्रयागनं आनखी काय सांगितलं रं, तुझ्या आईचं?"

हिंदुराव पाट ओढून त्यांच्या जवळ सरकला आणि सांगू लागला.