मंडळाची घटना

भंडाऱ्याच्या सरकारी कचेरीने आमच्या महिला मंडळाचा शिवणकाम केंद्राचा प्रस्ताव परत पाठवला आणि पत्रात एकच कारण दिलं : प्रस्तावासोबत मंडळाची घटना जोडलेली नाही. ते वाचून आम्ही तिघी-चौघी आमच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर बसलो आणि मंडळाची घटना लिहून काढली. म्हणजे जे घडलं होतं, ते सगळं.

घडलं होतं असं. आमच्या बपेरा गावात धानाचं काम नसलं की निम्म्या बाया विड्या वळत. संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस विड्या मोजून घ्यायचा आणि खराब म्हणून मुठीमुठीने बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणत. छाटीचे पैसे मिळत नसत, पण त्या विड्या मात्र तो पिशवीत घालून घेऊन जायचा. एका संध्याकाळी रुखमाने त्याचं मनगट धरलं. म्हणाली, "खराब आहेत ना? मंग इथंच मोड. माझ्यासमोर मोड." तो मोडेना आणि ही सोडेना. दुसऱ्या दिवसापासून तिला पानं आणि तंबाखू मिळणं बंद झालं. मग आम्ही बाकीच्या बायांनी आपापल्या वाट्याची पानं तिला दिली, आणि त्यातूनच मंडळ उभं राहिलं. रुखमा अध्यक्ष झाली. मी सातवी शिकलेली म्हणून सचिव.

हे सगळं मी शुद्धलेखन सांभाळून दोन पानं लिहिलं आणि एस.टी.ने भंडाऱ्याला जाऊन स्वतः दिलं. तिथल्या बाबूने वाचलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग त्याने समजावून सांगितलं, की घटना म्हणजे मंडळाचे नियम. सभासद कसे करायचे, अध्यक्ष कसा निवडायचा, ते. माझं डोकं फिरलं. नियमाला नियम म्हणायला यांचं काय जातं? पण माणूस भला होता. त्याने दुसऱ्या एका मंडळाची घटना मला उतरवून घेऊ दिली, आणि माझी दोन पानं परत न देता स्वतःच्या खणात ठेवली. कशासाठी ठेवली ते मी विचारलं नाही.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत मंजुरीचं पत्र आलं. शिवणकाम केंद्रासाठी अनुदान : दहा मशिनी आणि शिकवणाऱ्या बाईचं दोन वर्षांचं मानधन. अट एवढीच, की शिकणाऱ्यांत किमान वीस बाया विधवा किंवा परित्यक्ता हव्यात. भंडाऱ्याचे साहेब मार्च संपायच्या आत गावात येऊन प्रत्येकीला स्वतः विचारणार होते.

मी पत्र वाचून दाखवत होते, तर मंडळातली रंभाबाई मध्येच म्हणाली, "हे परित्यक्ता कोनती जात होय वं?"

"टाकलेली," मी म्हटलं. "नवऱ्यानं टाकलेली बाई."

कोणी हसलं नाही. रुखमा अंगणात गेली आणि उगाच गाईला पाणी दाखवू लागली.

रुखमाचा नवरा घनश्याम भिलाईच्या कारखान्यात कामाला आहे, सुटी मिळत नाही म्हणून येत नाही, असं तिची सासू गोदावरीबाई साऱ्या गावाला सांगायची. आणि गाव ऐकून घ्यायचं. अंदाज सगळ्यांनाच होता, पण खरं काय ते पक्कं मला आणि रुखमालाच माहीत होतं. आमचे हे, भैय्याजी, दुकानाचा माल आणायला पलीकडे मध्यप्रदेशात वारासिवनीला जात. तिथल्या बाजारात त्यांनी घनश्यामला पाहिलं होतं. सोबत बायको होती, कडेवर मूल होतं. त्याने यांना ओळखलं आणि तोंड फिरवलं. मी रुखमाला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "शकुनबाई, आत्याबाईले कळू देऊ नोका. थे मरून जाईल."

त्या वर्षीच्या दिवाळीपासून ती दर वर्षी विडीच्या मजुरीतून एक लुगडं आणायची आणि सासूच्या हातात देऊन म्हणायची, "तुमच्या पोरानं धाडलं." म्हातारी ते लुगडं नेसून गावभर फिरायची. मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची. अशा पोराचं कौतुक ऐकताना माझ्या जिभेवर शब्द यायचे, पण मी ते गिळायची.

वीस बाया आम्ही रुखमाला न धरताच जमवल्या होत्या. तिला कोणी विचारलंही नाही. गोदावरीबाई विधवा म्हणून त्यात होती. "मले दिसत नाही सुईचं नाकं, पन बसाले येईन," म्हणायची.

साहेब रविवारी जीपने आले. शाळेच्या ओसरीत सतरंजी घातली होती. साहेब तरुण होते, सावकाश बोलायचे, आणि प्रत्येकीला "बाई, तुम्ही" म्हणायचे. एकेक बाई पुढे जाऊन बसत होती, आपलं सांगत होती. कोणाचा नवरा पटकीने गेला, कोणाचा झाडावरून पडला. आपल्या गावात एवढं दुःख आहे हे मला त्या ओसरीत एका दमात ऐकावं लागलं, आणि खरं सांगते, मशिनी मिळायच्या आनंदात मी या बायांना असं ओळीने सांगायला लावलं याची मला लाज वाटली.

शेवटी आमच्या यादीतली विसावी, गिरजाबाई आली. कपाळभर कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. आम्ही बघतच राहिलो.

"विधवा?" साहेबांनी विचारलं.

"होती साहेब," गिरजाबाई लाजून म्हणाली. "आता पाट लागला माझा. माहेरी गेली होती, तिथंच. परवाच आली."

बाया आनंदाने ओरडल्या. रंभाबाईने तर तिच्या पाठीत गुद्दा घातला. दुसऱ्यांदा संसार मांडला पोरीने, त्याचं कोणाला वाईट वाटणार? आणि मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "एकोणीस झाल्या. मला खोटं लिहिता येणार नाही, बाई. आणि एकतीस मार्च गेला की हे पैसे परत जातील. पुढच्या वर्षी मिळतीलच असं मी सांगू शकत नाही." मग थांबून त्यांनी विचारलं, "गावात आणखी कोणीच नाही?"

रुखमा पाण्याचा तांब्या घेऊन खांबाजवळ उभी होती. एकाही बाईने तिच्याकडे पाहिलं नाही, सगळ्या सतरंजीकडे बघत होत्या. मीही. पण मनात मी तिला म्हणत होते, बोल ना गं बाई, एक शब्द तर बोलायचा आहे. चार वर्षं आम्ही या मशिनींची वाट पाहिली होती. रंभाबाईचा खोकला रात्र-रात्र थांबत नव्हता. रुखमाची स्वतःची बोटं तंबाखूने पिवळी पडली होती, आणि तो वास साबणानेही जात नव्हता.

रुखमाने सासूकडे पाहिलं. मग साहेबांना म्हणाली, "नाही साहेब. आनखी कोनी नाही."

साहेब उठले. मला तिला हलवून विचारावंसं वाटलं, काय केलंस हे? आणि तेवढ्यातच मला तिच्या पायाही पडावंसं वाटलं.

"बसा साहेब," गोदावरीबाई म्हणाली. "थे खोटं बोलून राहिली."

ती जागेवरूनच बोलत होती. "हे माझी सून, रुखमा. घनश्याम माझा पोरगा. त्यानं टाकलं इले. लिवा."

"आत्याबाई, थे भिलाईले—"

"चूप राह्य. भिलाईच्या लुगड्याले विडीच्या तंबाखूचा वास येते काय वं?"

रुखमाच्या हातातला तांब्या कलंडला होता आणि पाणी तिच्याच पायावर सांडत होतं. ते तिला कळत नव्हतं.

साहेब परत खाली बसले. "आजी, कधीपासून टाकलं त्यांनी?"

"पहिलं लुगडं आलं तवापासून," म्हातारी म्हणाली. "त्या दिवशीच समजलं मले. माझ्या पोरानं जल्मात कधी मायले चिंधी घेतली नाही. थो कायले लुगडं धाडीन? घडी उकलली आन् वास आला. म्हटलं, आता थो येत नाही."

"मंग सांगतलं काहून नाही आत्याबाई?" रुखमाचा आवाज फुटला.

"तू माझ्यासाठी एवढं करून राहिली होती. मी कशी मोडू?" मग ती साहेबांकडे वळली. "इले एकटीले नाही टाकलं साहेब. मलेही टाकलं. पन माय टाकल्याचा रकाना तुमच्या कागदात नसंल."

"नाही, आजी," साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग रुखमाला म्हणाले, "बाई, मला तुमच्या तोंडून ऐकावं लागेल. परित्यक्ता लिहू?"

तो शब्द कसा उच्चारायचा ते तिला येत नव्हतं. सासूकडे बघत ती म्हणाली, "हो. टाकलेली," आणि पदर तोंडात कोंबून खांबाला टेकून खाली बसली. गोदावरीबाई सतरंजीवरून सरकत सरकत तिच्याजवळ गेली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. साहेबांनी वीसचा आकडा लिहिला. ज्याच्यासाठी एवढी धावपळ केली तो आकडा पूर्ण झाला, पण कोणी टाळी वाजवली नाही. त्या दिवशी सासू-सुनेच्या घरी चूल पेटली नाही. मी भात आणि वरण नेऊन दिलं, तर दोघी अंधारात शेजारी शेजारी बसलेल्या होत्या.

मशिनी पावसाळ्याच्या तोंडावर आल्या. पहिलं काम शाळेच्या खाकी चड्ड्यांचं मिळालं. सुरुवातीला एका चड्डीचा एक पाय आखूड व्हायचा आणि पोरं बोंबलायची, पण रुखमाचा हात लवकर बसला. विड्या तिने सोडल्या. घनश्यामचं नाव दोघींच्या घरात कोणी काढत नव्हतं. गोदावरीबाईचं बोलणंच कमी झालं होतं. ओट्यावर बसून वाटेकडे बघायची तिची जुनी सवय मात्र गेली नव्हती, आणि ते बघून मला वाटायचं, एका आकड्यासाठी आपण या म्हातारीची आशा तर विकली नाही?

दिवाळीत मी फराळाचं ताट घेऊन गेले, तर रुखमा तुमसरच्या बाजारातून नुकतीच आली होती. लुगडं आणलं होतं. ते हातात घेऊन ती सासूपुढे उभी राहिली. दर वर्षी म्हणायचं वाक्य आता तिच्याजवळ नव्हतं आणि दुसरं सुचत नव्हतं. म्हातारीनेच हात पुढे करून लुगडं घेतलं, घडी उकलली आणि नाकाशी नेली.

"तेलाचा वास येऊन राहिला," ती म्हणाली.

"मशिनीचं तेल होय. हाताले लागलं असंल," रुखमा घाईने म्हणाली. "धुऊन देऊ काय?"

"नोको. राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तेच न धुतलेलं लुगडं नेसून आमच्या दुकानात आली. रंभाबाई ओट्यावर बसली होती. जुन्या सवयीने ती बोलून गेली, "नवं लुगडं वं गोदावरीबाई! पोरानं धाडलं काय?" आणि लगेच तिने जीभ चावली.

गोदावरीबाईने पदर नीट केला.

"मले पोरगा नाही वं," ती म्हणाली. "पोरीनं घेतलं." मग माझ्याकडे वळून तिने पावभर गूळ मागितला.