तीनशे बारा प्लगिनं आणि एक बडबड्या

काटेकोरला दुपारपासून बूड टेकवेना. खुर्ची, खिडकी, पुन्हा खुर्ची. तेवढ्या येरझाऱ्यांत दुसरा कुणी चालत समुद्र गाठून, पाय भिजवून परत आला असता.

तो एका लिनक्स वितरणाची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका फुकट प्रणालीची, प्लगिनं सांभाळायचा. मोठ्या प्रोग्रामला मागाहून जोडायची ही शेपटं, आणि ज्याने शेपूट केलं त्याने मनाला येईल ते नाव ठेवलेलं. काटेकोरने नियम काढला: आधी प्रोग्रामचं नाव, मग 'प्लगिन', मग काम. एकेक प्लगिन म्हणजे एकेक पॅकेज; आठवड्यात अशा तीनशे बारा पॅकेजांची नावं पालटली, तरी हात शिवशिवतच होते. घरातल्या बरण्याही सुटल्या नाहीत. 'स्वयंपाक-बरणी-मीठ' वाचून बायको म्हणाली, "मला चिठ्ठी चिकटवलीस तर बघ!"

नाव बदललं की जुन्या नावाचं एक रिकामं पॅकेज मागे ठेवायचं असतं, घर सोडणारा दारावर नवा पत्ता लावून जातो तसं. ते नसेल तर अपडेटच्या वेळी जुनं प्लगिन बेवारस ठरतं आणि मशीनवरून उडतं. पाच वाजता यादी बंद होणार, मग सगळं हजारो मशीनवर जाणार. नवी नावं तीनशे बारा. रिकामी पॅकेजं तीनशे अकरा.

"एकाने काय आभाळ कोसळतंय?" बायको म्हणाली.

"कुणाच्या डोक्यावर कोसळणार, तेच सापडत नाहीये ना!"

त्याने यादी वरून वाचली, खालून वाचली, उभ्याने वाचली. साडेचारला फोन वाजला. मामा! मामा पियानोचे सूर जुळवायचे. डोळे गेले, कान शाबूत. पत्रं त्यांना कॉम्प्युटर वाचून दाखवायचा. आणि भाच्याची करामत आधी आपण चाखायची, म्हणून अपडेट ते जगाच्या एक दिवस आधी घेत.

"काय रे, माझ्या कॉम्प्युटरची वाचा कुणी पळवली? सकाळपासून दातखीळ बसलीय त्याची."

काटेकोर खुर्चीकडे झेपावला. बडबड्या! पंधरा वर्षांपूर्वी खास मामांसाठी केलेलं, कॉम्प्युटरला बोलतं करणारं त्याचं पहिलंवहिलं प्लगिन. ते पोरकट नाव कुणाला दिसू नये म्हणून जुन्या नावांची यादी करण्याआधीच त्याने ते गुपचूप बदललं होतं. रिकामी पॅकेजं मात्र यादीवरून बनली होती.

पाचाला चार मिनिटं कमी असताना तीनशे बारावं रिकामं पॅकेज चढलं.

"मामा, आता पुन्हा अपडेट घ्या."

मामांनी कळा चाचपल्या. पलीकडे खरखर झाली, आणि दिवसभर तुंबलेलं एका दमात बाहेर पडलं. पहिलंच पत्र भाच्याचं: "नावं बदलली आहेत. कुणाचीही तिळभर गैरसोय होणार नाही, याची मी जातीने खात्री केली आहे."

"मामा, बंद करा ना ते."

"छे! दिवसभर मुका होता बिचारा, बोलू दे," मामा म्हणाले, आणि आवाज वाढवून त्यांनी तेच पत्र पुन्हा लावलं.