दोन ग्रॅम

"काटा बिघडलेला होता असं मी लिहून देऊ? आदल्याच दिवशी दुरुस्त केलाय बाई मी तो! केसाचा फरक नव्हता."

"तेच तर तुमच्या मुलाच्या मुळावर आलंय," वकीलबाई म्हणाल्या.

काटेवाल्याच्या एकोणीस वर्षांच्या कार्ट्याने बापाच्या दुकानातून वजनकाटा ढापला, त्यावर नशेच्या पावडरीच्या पुड्या बांधल्या आणि विकायला निघाला तो काट्यासकट पकडला गेला. पोलिसांनी माल त्याच काट्यावर मोजला. एकशे दोन ग्रॅम. शंभरच्या आत असता तर दोन वर्षं, वर गेला म्हणून दहा. माल पुढे जाळून टाकलेला, त्यामुळे पुन्हा मोजायची सोय नव्हती. अपील उभं होतं ते या दोन ग्रॅमवर.

काटेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग पोलिसांवर होता, कायद्यावर होता, पण सगळ्यात जास्त त्या दिवट्यावर. जगात दुसरे काटे नव्हते? बापाचाच हवा होता? बाजारात वजनावरून जुंपली की दोन्ही बाजू तीस वर्षं त्याच्या दुकानात येत आणि तो सांगेल ते मुकाट मान्य करत. या कागदाने परवाना जाणार होता, आणि नावही.

बायको एवढंच म्हणाली, "सुटेल तेव्हा एकोणतीसचा असेल."

त्याने सही ठोकली, ती कागद फाटेल इतक्या जोरात.

अपिलाच्या दिवशी न्यायाधीशांनी कागद वाचून चष्म्यावरून पाहिलं. "काटा बिघडलेला होता?"

"होता." काटेवाला पुढे झाला. "माझ्याच हातून राहिला."

"नव्हता!" आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला. "साहेब, काटा बरोबर होता. म्हणून तर मी तोच उचलला. बाबांनी दुरुस्त केलेला काटा चुकत नाही."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

"खोटं बोलतोय तो!" काटेवाला ओरडला. "बिघडलेलाच होता!"

पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. अपील फेटाळलं.

पोलीस पोराला घेऊन निघाले, तसं काटेवाल्याने त्याला व्हरांड्यात गाठलं. "तुला कुणी विचारलं होतं रे गाढवा? जन्मात एकदा खरं बोलायचं, ते आजच सुचलं?"

"मग तुमच्या दुकानात कोण आलं असतं, बाबा?"

"न येईना का कुणी! तू आला असतास!"

पोलिसाने पोराला पुढे ढकललं.

दुपारी त्याने दुकान उघडलं, तर एक भाजीवाली आपला काटा घेऊन पायरीवर बसलेली. "जरा बघता का? गिऱ्हाईक म्हणतं, कमी भरतं."

त्याने तपासणीचं वजन काट्यावर ठेवलं. आकडा वरखाली होत राहिला, थांबेचना.

"बिघडलाय का हो?"

"काटा बरोबर आहे," तो खेकसला. "जरा थांबा."

वजनावरचा हात त्याने अजून काढलेला नव्हता.