खरवडलेल्या बशा

आमच्या सप्पोरोच्या प्रयोगशाळेत काही फेकायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं. तीस वर्षं मी इथं काचेच्या बशा धुते, त्यांत जेली ओतते आणि उधळ्या पोरांना सुनावते. यंदा जेलीची पूड संपत आली, तेव्हा वापरलेल्या बशांतली जेली मी वरवर खरवडून, पुसून पुन्हा दिली. कुणाला बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं त्यात?

आमचा संशोधक सोनोदा, त्याचं सगळं त्या बशांवर अवलंबून होतं. त्याचा दहा वर्षांचा करार मार्चमध्ये संपत होता. शुक्रवारी प्रयोगशाळेचे प्रमुख आरिमोतो सरांना जमलेला प्रयोग दाखवला तर मुदतवाढ, नाहीतर घरी. प्रयोग पिवळ्याचा. पिवळ्या म्हणजे आमचा बुळबुळीत जीव, ना धड बुरशी, ना प्राणी. ओट्सचा वास लागला की तिकडे सरकतो. वाटेत घोड्याच्या नालासारखी भिंत असते, तिच्यात शिरून अडतो. पण जिथून गेला तिथं त्याचा चिकट माग राहतो, आणि त्या मागातलं रसायन त्यालाच सांगतं, इथं पुन्हा नको. मग तो कोऱ्या जागेकडे वळतो, भिंतीला वळसा घालतो आणि सुटतो.

तीन आठवडे एकही सुटला नाही.

"कुराताबाई, हा माझ्यावर गेलाय," सोनोदा म्हणाला. "समोर जेवणाचा वास येतोय आणि साहेब कोपऱ्यात बसलेत!"

"गप्प जेव," मी म्हटलं. सकाळचा भाताचा गोळा अजून त्याच्या हातातच होता.

पिवळ्याला उजेड सोसत नाही, म्हणून बशा कपाटात असतात. बुधवारी धुवायला आलेली एक मी खिडकीशी धरली. जेलीभर जुन्या मागाची चकाकी होती. पिवळ्याला सगळी बशी आधीच फिरून झालेली वाटत होती, वळायला कोरी जागाच नव्हती.

सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लाज वाटली, त्याहून जास्त भीती वाटली. गुरुवारी गुपचूप नवी जेली ओतून पिवळ्याला ठेवलं.

शुक्रवारी सकाळी पाहते तर तो भिंतीबाहेर येऊन ओट्सवर पसरलेला. बशी घेऊन धावले, पण सोनोदा आधीच सरांच्या खोलीत गेला होता. आत गेले तर पहिला प्रश्न येणार, बाकीचे का अडकले? मी दाराशीच थांबले.

दार उघडून सोनोदा बाहेर आला आणि कमरेतून वाकला. "बाई, दहा वर्षं सांभाळून घेतलंत." मग त्याला बशी दिसली. "बाहेर आला?"

"हो."

"हाच कसा?"

"जेली नवी आहे."

त्याला कळलं, माझ्या डोळ्यांदेखत कळलं.

"राहू द्या," तो हळूच म्हणाला. "सरांचं नाही म्हणून झालंय. आता तुम्ही कशाला अडकता?"

ओरडला असता तर मी मान खाली घालून बेसिनकडे गेले असते. मी त्याला बाजूला सारलं आणि दार ढकललं.

"सर," मी म्हटलं, "त्या बशा मी खरवडल्या होत्या."